पाठ उचल!

आकाराम इंगवले हा माणूस घाबरू शकतो, हे त्याची साठी उलटेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. आमच्या अख्ख्या गल्लीच्या नव्हतं. महापुराच्या वर्षी पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हा गडी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लोकांची गॅस सिलिंडरं खांद्यावरून बाहेर काढत होता आणि वर शिव्याही घालत होता. माणसांना नाही, पाण्याला.

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका फौंड्रीत त्याचं आयुष्य गेलं. यंत्रांच्या धडधडीवर ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला की त्यानं घरात बायकोकडं मीठ मागितलं तर शेजारची आक्का वाटी घेऊन दारात उभी राहायची. हा आवाज देवानं त्याला का दिला, याचं उत्तर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मिळायचं. स्टेडियमच्या गॅलरीत आमच्या चिंचबन तालमीची माणसं बसायची त्यांच्या बरोबर मध्ये आकाराम उभा राहायचा. बसून मॅच बघणं त्याला कधी जमलं नाही, आणि त्याच्या मागं बसलेल्यांनाही मग ती बघणं जमलं नाही.

तालीम खरी कुस्तीची. अजून आत मातीचा हौद आहे, शेंदरी मारुती आहे, शेजारच्या कोनाड्यात हिरव्या कापडात गुंडाळलेला मोहरमचा पंजा आहे. पण हौदात उतरणारी पोरं आता शोधावी लागतात आणि जर्सी घालणारी दर घरात सापडतात. कुस्ती गेली, तिचा एक कायदा मात्र फुटबॉलात आला. पाठ मातीला लागता कामा नये. आमचा खेळाडू मैदानात पडला तर तो पडून राहत नाही. स्ट्रेचर आमच्या माणसासाठी कधी आत आलं नाही, याचा आम्हाला कोण अभिमान! कुणी पडला की गॅलरीतून एकच आरोळी उठते, "पाठ उचल!" आणि त्या आरोळीचा पहिला आवाज आकारामचा.

अरीब हा आमचा सेंटर फॉरवर्ड. त्याचा बाप चमन, आकारामच्याच फौंड्रीत होता. काविळीनं तो गेला तेव्हा पोरगं दुसरीत. आई हुसेनबी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. ती आकारामला दादा म्हणते, म्हणून तो अरीबचा मामा झाला, आणि अरीबचा झाला म्हणून सगळ्या पोरांचा झाला. पोराला पहिल्यांदा मैदानावर न्यायला मामा दारात गेला तेव्हा हुसेनबी नको म्हणत होती. एकच पोरगा, हातपाय मोडले म्हणजे? मामा म्हणाला, "नेतो तसा आनून देतो की. शब्द हाय." तेव्हापासून प्रत्येक मॅचला मामा त्याला उंबऱ्यावरून घेऊन जायचा आणि उंबऱ्यावर आणून सोडायचा. पोरगं बावीस वर्षांचं घोडं झालं तरी हा रिवाज मोडला नाही. पोरं चेष्टा करायची, "मामा, पावती घेतलासा का पोच केल्याची?"

सेमी फायनल वेस तालमीशी होती. सकाळी मैदानावर जायच्या आधी अरीबनं नेहमीप्रमाणं पंजासमोर निखाऱ्यावर ऊद घातला. त्या दिवशी चिमट्यातला निखारा निसटून त्याच्याच उजव्या पायावर पडला. पोरगं एका पायावर उड्या मारत हौदाभोवती फिरलं आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. म्हातारे पिराजी वस्ताद तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्वतः उठून त्या फोडावर खोबरेल लावलं.

मॅच कशी झाली ते सगळ्या कोल्हापूरनं पाहिलंय. पहिला गोल अरीबचाच. दुसऱ्या हाफमध्ये एका कॉर्नरला चार-पाच डोकी एकदम वर गेली आणि वेस तालमीच्या बॅकचं कोपर अरीबच्या कानशिलात बसलं. पोरगं आडवं झालं, उताणं. शिट्टी वाजली नाही. मामा उठला, म्हणजे उभाच होता, आणि ओरडला, "पाठ उचल!" मागून सगळी गॅलरी. अरीब उठला. टाळ्या अशा पडल्या की जणू गोलच झाला.

त्यानंतर थोड्याच वेळात त्यानं त्यांच्या एका पोराच्या नडगीवर लाथ घातली. बॉल तिथून केव्हाच पुढं गेलेला. पंचांनी खिशात हात घातला आणि सरळ लाल कार्ड काढलं. आमच्याकडून शिव्यांचा आणि बाटल्यांचा पाऊस पडला. अरीब मात्र पंचांशी एक शब्द बोलला नाही. शांतपणे चालत गेला आणि वेस तालमीच्या बाकावर जाऊन बसला! पायावर पाय टाकून त्यांच्याच बाटलीतलं पाणी प्याला!

गॅलरी वेडी झाली. काय रग, काय मस्ती! आम्ही जिंकलो, फायनलला गेलो, पण संध्याकाळी मोबाइलवर गोलपेक्षा तो बाक जास्त फिरत होता. खाली हलगी लावून पोरांनी त्याचं स्टेटस केलं. चिंचबनचा वाघ, शत्रूच्या गुहेत. मीही ते चार जणांना पाठवलं, खोटं कशाला बोलू.

मामानं पाठवलं नाही. त्यानं मॅच संपल्यावर पोराचे डोळे जवळून पाहिले होते.

पुढचं मला त्यानं नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं, तेही इतक्या हळू आवाजात की मला कान पुढं करावा लागला. स्टेडियमवरून मोटरसायकलवर घरी येताना मागं बसलेल्या अरीबनं विचारलं, "मामा, कोण जिंकलं?" मामाला वाटलं, चेष्टा. म्हणाला, "आपुनच की." पुढच्या चौकात पुन्हा, "मामा, कोण जिंकलं?" मामा म्हणाला, "गप रं." गल्लीच्या कोपऱ्यावर तिसऱ्यांदा तेच, त्याच सुरात, जणू पहिल्यांदाच विचारतोय. मामानं गाडी हळू केली. त्यानं पोराला उंबऱ्यावर सोडलं. हुसेनबी हसत म्हणाली, "आला माझा वाघ."  चमन गेला त्या दिवशीसुद्धा असा भ्यालो नव्हतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरगं नळापाशी भडाभडा ओकलं. आईला वाटलं, जिंकल्याच्या आनंदात खाल्लेली मिसळ बाधली. मामानं त्याला तालमीत ओढून नेलं, म्हणाला, चल डॉक्टरकडं. अरीब हातापाया पडायला लागला. डोकं जरा दुखतंय, उजेड नको वाटतोय, बाकी काही नाही. फायनल बघायला पुण्याच्या एका क्लबची माणसं येणार होती, त्यांनी त्याचं नाव घेऊन विचारलं होतं. "मामा, दवाखान्याचं नाव निघालं की ती मानसं मला हातबी लावायची न्हाईत. आईनं आयुष्यभर मशीनच चालवायची का? कुनाला सांगनार न्हाई म्हना. पंजावर हात ठिवा."

मामानं हात ठेवला. का ठेवला, हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "‘पाठ उचल’ म्हणून मीच वरडलो नव्हं? मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?"

आणि मग मामाला लाल कार्डाची आठवण झाली. लाल कार्ड म्हणजे पुढच्या मॅचला बंदी. पोरगं फायनल खेळणारच नाही! शपथ मोडायला नको, हुसेनबीला सांगायला नको, पोरगं आपोआप घरी बसेल, डोकं आपोआप बरं होईल. कोल्हापुरात पंचांच्या नावानं मनातल्या मनात हात जोडणारा हा पहिला आणि शेवटचा माणूस असावा. दोन रात्री त्याला जरा झोप लागली.

मग विश्वजितनं बैठक बोलावली. हा आमच्या मंडळाचा अध्यक्ष, मोबाइलचं दुकान चालवतो, मनानं चांगला पण डोक्यात कायम वारं. विषय एकच. अरीबच्या लाल कार्डाविरुद्ध फुटबॉल संघटनेकडं अपील करायचं की नाही.

दिवेलागणीला तालीम खचाखच भरली. हौदाच्या कडेनं माणसं, खिडक्यांत पोरं. अरीब खांबाला टेकून बसलेला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. विश्वजितनं मोबाइल हात उंच करून धरला.

"हे बघा. सावकाश करून दावतो. पाय बॉलवरच हाय का न्हाय? बॉल फुडं गेला त्याला पोरगं काय करनार? आन् ह्याच्या आधी त्याला कोपर मारलेलं तर आंधळ्यालाबी दिसतंय. अपील म्हंजे अपील!"

"व्हय, व्हय!" अर्धी तालीम.

यज्ञेश्वर उठला. तो वकिलाकडं कारकून आहे, त्यामुळं बोलायच्या आधी घसा खाकरतो. "अपील केलं की संघटना अख्खी मॅच बघनार. मग बाटल्या कुनी टाकल्या तेबी बघनार. एका पोरापायी अख्ख्या संघावर बंदी आली म्हंजे?"

"तू टाकलीस म्हणून भ्यालायस व्हय?" मागून कुणीतरी.

"मी झाकण टाकलं. बाटली न्हाय."

हशा झाला. मग वादाला तोंडच फुटलं. पाय बॉलवर होता की नडगीवर, नडगी आधी की बॉल आधी, पंच कुठल्या पेठेचे जावई, त्यांनी मागच्या वर्षी काय केलं. एकानं विचारलं, बाकावर जाऊन बसला ते संघटनेनं पाहिलं तर शिक्षा वाढेल का? दुसरा म्हणाला, वाढू दे, असला वाघ परत होणे नाही. सगळे अरीबकडं बघून हसले. अरीबही हसला, सगळे हसल्यानंतर जरा वेळानं.

मी मामाकडं पाहत होतो. तो हौदाच्या कठड्याला धरून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. पंखा डोक्यावर फिरत असताना. मला वाटलं, हार्टचं काही आहे की काय.

"मामा, तुम्ही बोला की," विश्वजित म्हणाला. "तुम्ही व्हय म्हटलासा की झालं. सकाळी अर्ज जातोय."

सगळी तोंडं मामाकडं वळली. सगळ्यांना ती आरोळी हवी होती.

"नगं," मामा म्हणाला.

"आं?"

"अपील नगं."

इतक्या बारीक आवाजात मामा कधी बोललाच नव्हता, त्यामुळं आधी कुणाला कळलंच नाही. कळल्यावर तालीम पेटली. का नको? कारण सांगा.  कोनाड्यातला पंजा त्याच्या समोर होता आणि खांबाजवळून अरीब त्याच्याकडं टक लावून बघत होता, डोळ्यांत नुसती विनवणी. "पोराला... जरा इस्वाटा घिऊ द्या," एवढंच तो बोलला. विसावा? फायनलला? सेंटर फॉरवर्डला? हौदापलीकडून एकानं विचारलं, "वेस तालमीनं काय दिलं, मामा?"

हे ऐकल्यावर एरवी मामानं त्याला उचलून बाहेर फेकला असता. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला. मला त्या क्षणी खरी भीती वाटली. काहीतरी फार वाईट आहे आणि ते एकट्या या माणसाला माहीत आहे, एवढं माझ्या टाळक्यात शिरलं.

विश्वजितनं हात वर केला. "अपील करायचं, कोन कोन हाय?" हात वर जायला लागले. खिडकीतलेसुद्धा.

मामानं पायताण काढलं. हौदात उतरला. मध्यभागी गेला, गुडघे टेकले, आणि हातपाय पसरून सावकाश उताणा झोपला. दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत.

वर गेलेले हात तसेच राहिले. आमच्या तालमीत माणूस मेल्याशिवाय असा झोपत नाही. म्हातारी माणसं पाठ दुखली तरी हौदाच्या कडेला एका कुशीवर लवंडतात. आणि हा आकाराम इंगवले, आपण होऊन, सगळ्यांच्या देखत.

"लागली माझी पाठ," तो छताकडं बघत म्हणाला. "हरलो मी. झालं? आता अपील करू नगासा. पाया पडतो." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळायला लागलं.

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. मारुतीच्या पायरीवरून पिराजी वस्ताद काठी टेकत उठले. या बैठकीत ते अजून एक शब्द बोलले नव्हते. फुटबॉल त्यांना पोरखेळ वाटतो. ते कडेला आले, खाली मामाकडं पाहिलं, मग मामा मान वळवून कुणाकडं बघतोय ते पाहिलं.

"अरीब, हिकडं ये," ते म्हणाले.

अरीब उठला. उठताना त्यानं खांब धरला.

"मॅचच्या सकाळी ऊद कुनी घातला रं?"

"मीच की, वस्ताद. दरवेळी मीच घालतो."

"आन् घालताना काय झालतं?"

अरीब हसला. "काय व्हायचंय? रोजच्यासारखंच."

कुणीच हसलं नाही. अरीबनं आमच्या तोंडांकडं पाहिलं, एकेकाच्या. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

"पायाला काय झालंय तुझ्या?" वस्तादांनी काठी त्याच्या उजव्या पावलाकडं केली. फोड फुटून तिथं लालभडक जखम झाली होती.

"हे... बूट लागला असंल," अरीब म्हणाला. मग खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वस्ताद, हे कशानं झालं?"

त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. मोठ्या माणसाचा नव्हताच तो, अंधारात चुकलेल्या लेकराचा होता. विश्वजितचा मोबाइल असलेला हात खाली आला. बाकाचा तो व्हिडिओ, ती हलगी, तो वाघ, ती मस्ती नव्हतीच, हे सगळ्यांना एकदम कळलं असावं, कारण कुणी कुणाकडं बघेना.

आरडाओरडा ऐकून हुसेनबी केव्हाची दारात येऊन उभी होती. तालमीत बाया येत नाहीत. ती उंबऱ्यापाशीच थांबली होती, पदर तोंडाशी धरून. आता ती सरळ आत आली, माणसांनी वाट दिली. तिनं अरीबचं मनगट धरलं. मग हौदात उताण्या पडलेल्या मामाकडं पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "नेलासा तसा आनून दिला न्हाईसा."

मामानं डोळे मिटले. त्याला उठवायला आम्ही तिघं लागलो.

विश्वजितनं स्वतःची गाडी काढली. कोण आडवं आलं, कुठला सिग्नल लाल होता, त्यानं बघितलं नाही. दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले आणि डॉक्टर बाहेर आले ते घाईतच. डोक्यात आत रक्त साठत होतं, रोज थोडं थोडं. आणखी एकदा त्या डोक्यानं बॉल मारला असता तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि आम्हीही करायला लावलं नाही.

ऑपरेशन झालं. पोरगं दोन-तीन दिवस नुसतं पडून, डोक्याला पांढरं बांधलेलं, डोळे उघडायचं नाही धड. मामा व्हरांड्यात बाकाखाली चटई टाकून राहिला.  दार वाजलं की दचकायचा. हुसेनबी त्याच्याशी बोलत नव्हती, पण आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या बाकावर ठेवून जायची. ती भाकरीसुद्धा तो भीत भीत खायचा.

फायनलच्या दिवशी मी त्याला म्हटलं, "जाऊन ये जा, मी बसतो हितं." त्यानं मान हलवली. मोबाइल बंद करून खिशात ठेवला. अपील झालं नव्हतं. आमचा संघ सेंटर फॉरवर्डशिवाय उतरला, आणि मी नंतर ऐकलं, एक पोरगं पडलं तेव्हा गॅलरीतून आवाज उठला नाही. स्ट्रेचर आत गेलं. चिंचबनच्या माणसासाठी पहिल्यांदाच.

संध्याकाळी विश्वजित आला, गळा बसलेला, तोंड उतरलेलं. त्याच वेळी नर्सनं सांगितलं, पेशंटनं डोळे उघडलेत, एकदोघं आत या. हुसेनबी आत होतीच. मामा दारात थबकला. मी पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं. 

अरीबनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ हलले. घशातून आवाज यायला वेळ लागला.

"मामा, कोण जिंकलं?"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तेच शब्द, तोच सूर. मोटरसायकलवरचा. त्यानं सलाईनचा स्टँड गच्च धरला. हुसेनबीनं त्याच्याकडं पाहिलं, कळलं नाही तिला तो इतका का भ्यालाय ते.

"हरलो रं आपुन," तो कसाबसा म्हणाला.

अरीबनं डोळे मिटून घेतले. मामा वाट बघत उभा राहिला. आता परत विचारील. आता विचारील. खोलीत मशीनचा टिकटिक आवाज तेवढा येत होता आणि मामाचे ओठ कसला तरी देव आठवत होते, मारुती की पंजा कोण जाणे. पोराचे डोळे पुन्हा उघडले, ओठ हलले, आणि मामानं स्टँड आणखी घट्ट धरला.

"किती गोलनं?" अरीबनं विचारलं.

आकडा मामाला विश्वजितनं दारातच सांगितला होता. पण आकारामच्या त्या गळ्यातून तो काही केल्या बाहेर येईना.